अकरा मिनिटांत काढलेला जनरल

जनरलचं चित्र मी काढलं. कुणी डोक्याला बंदूक लावून काढून घेतलं नाही. एका वर्तमानपत्राने विचारलं आणि मी हो म्हटलं, एवढंच. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर फार लोकांनी मला विचारलं, की तुमच्यावर दबाव होता का? नव्हता.

मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. सव्वीस वर्षं झाली. माठ, खोकं आणि त्याच्या बाजूला दोन फळं, हे माझं राज्य. माणसं काढायचा नाद मला लहानपणापासून, पण तो मी शिक्षकांच्या बैठकीत भागवून घेते. मुख्याध्यापिका बोलत असतात आणि मी वहीच्या समासात त्यांचं डोकं उतरवत असते. स्वतःची दुहेरी हनुवटी त्यांनी त्या समासात दोनदा पकडली आहे आणि दोन्ही वेळा मला उन्हाळी सुट्टीत परीक्षेचं काम लागलं आहे.

वर्तमानपत्राकडून आली ती माझीच जुनी विद्यार्थिनी. आता ती कोर्टाच्या बातम्या करते. म्हणाली, "बाई, जनरलवरचा खटला मंगळवारी सुरू होतोय. कॅमेरे, फोन, सगळ्याला बंदी. आमच्याकडचा चित्रकार फक्त स्क्रीनवर काढतो, आणि स्क्रीनही आत नेता येत नाही. कागद-पेन्सिलीवर झटपट माणूस उतरवणारं तुमच्याशिवाय कुणी मला तरी माहीत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "दादांचं मला ठाऊक आहे. नको वाटलं तर सरळ नाही म्हणा."

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. छापखान्यात मुद्रितं तपासायचा. चुका शोधणं हा त्याचा धंदाही होता आणि खोडही. मी गावाला गेले की घरी पत्र पाठवायचे, आणि परत आले की दादा तेच पत्र लाल शाईने रंगवून माझ्या हातात ठेवायचा. जनरलने सत्ता घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षी त्या छापखान्यात एक पत्रक छापलं गेलं. दादाने ते लिहिलं नव्हतं. त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या होत्या. एका दुपारी सैनिकांची गाडी आली आणि छापखान्यातल्या सात जणांना घेऊन गेली. चौकशी करून संध्याकाळपर्यंत सोडतो, असं म्हणाले. त्याला तेवीस वर्षं झाली. दादा तेव्हा एकतीसचा होता, मी अठ्ठावीसची. आता मी त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी आहे आणि अजूनही त्याला दादाच म्हणते.

घरी आईला सांगितलं. आई एकोणऐंशीची आहे, कान शाबूत, डोळे गेल्यात जमा. भिंग लावून रोजचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचते.

"तू त्याला बघणार?" तिने विचारलं.

"हो."

"समोरून?"

"समोरून."

"मग त्याला विचार."

"आई, कोर्टात मधेच बोलता येत नाही. बाहेर काढतील मला."

"काढू देत. चित्र जमलं नाही तरी चालेल. तू विचार."

मी विचारायचं ठरवलं. सोमवारभर वर्गात, जिन्यात, भांडी घासताना मी वाक्य घासूनपुसून लहान करत गेले. शेवटी पाच शब्द उरले. छापखान्यातले सात जण कुठे आहेत? एवढं बोलायला एक श्वास पुरतो. तेवढ्यात कुणी धरलं तरी वाक्य पुरं होईल.

मंगळवारी कोर्टाच्या दारात पोलीस बाईने माझं पाकीट उलटं केलं, पेन्सिलीला टोक करायचं यंत्र काढून घेतलं. "यात पातं आहे," म्हणाली. टोक केलेल्या तीन पेन्सिली ठेवू दिल्या. मी तिसऱ्या बाकावर, कडेला बसले. कडेला, कारण व्हीलचेअर चढवायचा उतार त्या बाजूला होता आणि जनरल तिथूनच आत येणार होता.

माझ्या डोक्यात जो जनरल होता तो भिंतीवरचा. तेव्हा प्रत्येक शाळेत, पोस्टात, बँकेत तो टांगलेला असायचा. दगडासारखा जबडा, छातीवर पदकं, बघावं तिकडून आपल्याकडेच बघणारे डोळे. आत आला तो एक लहानखुरा म्हातारा. राखाडी स्वेटर, आणि त्याचं एक बटण चुकून वरच्या काजात गेलेलं, त्यामुळे एक खांदा उचललेला वाटत होता. कानात ऐकायचं यंत्र. गळ्याची कातडी सैल पडलेली. मागे खुर्ची ढकलणारी परिचारिका. न्यायाधीशांनी नाव विचारलं तेव्हा तो परिचारिकेकडे वळून म्हणाला, "काय म्हणतात ते?"

मी पेन्सिल उचलली.

हे मला कधीच कुणाला पटवता आलेलं नाही. हात चालू लागला की माझं डोकं बाजूला होतं. मी काढत होते तेव्हा दादा मनात नव्हता, सात जण नव्हते, राग नव्हता. कानाची पाळी कुठे संपते आणि जबड्याची रेष कुठे सुरू होते, चष्म्याच्या काडीने कानशिलावर किती खोल वळ पाडला आहे, एवढंच होतं. मधे एकदा त्याने मला पाहिलं. मी काय करते आहे हे त्याला लगेच कळलं. त्याने चेहरा जरासा वळवला, हनुवटी उचलली आणि तसाच बसून राहिला. फोटोला बसावं तसा. उजेड बरोबर गालावर पडला. मी त्याचा फायदा घेतला.

त्याच्या वकिलाने प्रकृतीचं कारण सांगून पुढची तारीख मागितली, मिळाली, आणि न्यायाधीश उठले. सगळं मिळून अकरा मिनिटं. चित्र पुरं झालं होतं. माझ्या हातून निघालेल्या चित्रांमधलं ते सगळ्यात चांगलं होतं, आणि ते मला तिथेच कळलं.

व्हीलचेअर माझ्या बाकाशी आली. जनरलने बोट वर केलं, परिचारिका थांबली.

"दाखवा," तो म्हणाला. आवाज मऊ होता.

मी कागद त्याच्याकडे वळवला. त्याने चष्मा काढून चित्र डोळ्यांजवळ नेलं. त्याचं डोकं माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. डोक्यावरची पांढरी लव मोजता आली असती.

"छान. पण कान जरा मोठे झालेत, बाई."

"नाही," मी म्हटलं. "आहेत तेवढेच आहेत."

तो हसला. मनापासून हसला. "आमच्या घरीही हेच म्हणायचे," असं म्हणाला आणि पुढे गेला. खुर्ची उतारावरून खाली गेली, दार बंद झालं, आणि मग मला ते पाच शब्द आठवले.

घरी मी चपला काढायच्या आत आईने विचारलं, "विचारलंस?"

"जवळ जाताच आलं नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चित्र पहिल्या पानावर छापून आलं, चांगलं चार कॉलम रुंद, खाली माझं नाव. आणि शेजारी चौकटीत माझ्या विद्यार्थिनीने कोर्टातला एक गमतीचा प्रसंग म्हणून ते कानाचं सगळं संभाषण दिलं होतं. शब्दन् शब्द. तिच्या बाकावर ऐकू गेलं होतं. तिचा काय दोष? तिला वाटलं, मी त्याचं तोंड बंद केलं.

आई भिंग घेऊन बसली होती. मी पाण्याचा हंडा भरत होते आणि तिच्या पाठीकडे बघत होते. तिने चौकट वाचली. पुन्हा वाचली.

"कान?" ती म्हणाली.

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

चित्राचं मात्र कौतुक झालं. शिक्षकांच्या खोलीत टाळ्या वाजल्या. मुख्याध्यापिकांनी ते फलकावर लावलं आणि म्हणाल्या, "काय हात आहे हो तुमचा! बिचारा अगदी जिवंत वाटतो." बिचारा हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मग तो चारी बाजूंनी येऊ लागला. बसमध्ये माझ्यापुढे बसलेला माणूस शेजाऱ्याला पेपर दाखवत म्हणाला, "आता याला शिक्षा करून काय मिळणार? बघ की, स्वेटरचं बटणसुद्धा धड लावता येत नाही."

बटण मी काढलं होतं. जसं होतं तसं काढलं होतं.

आठवड्याभरात जनरलच्या बाजूचे लोक माझं चित्र काठ्यांवर लावून कोर्टाबाहेर उभे राहिले. खाली लिहिलं होतं, "हा गुन्हेगार दिसतो का?" त्याच्या वकिलाने अर्जाला वैद्यकीय कागद जोडले आणि त्यांच्यासोबत पेपरातलं कात्रण. तिसऱ्या तारखेला हुकूम निघाला. खटला संपेपर्यंत आरोपीला तुरुंगात न ठेवता राहत्या घरी ठेवावं. त्याचं राहतं घर म्हणजे बारा खोल्या आणि मागे बाग.

छापखान्यातल्या सात जणांच्या घरची माणसं दर गुरुवारी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतात. सुरुवातीला सहाही घरं यायची. आता चार येतात. त्यातल्या एकीला आम्ही सगळे मावशी म्हणतो, ती शिवणकाम करते. तिचे दोन मुलगे छापखान्यात यंत्रावर होते, दोघेही त्याच गाडीतून गेले. चित्र छापून आल्यावरच्या पहिल्या गुरुवारी मी खोलीत शिरले तेव्हा बोलणं थांबलं.

मावशीने पेपर टेबलावर पसरला. "तू काढलंस?"

"हो, मावशी."

"कोण आहे ते माहीत असताना?"

"जसा दिसला तसा काढला."

"आम्हालाही दिसतो तो," मावशी म्हणाली. "तेवीस वर्षं रोज दिसतो. असा नाही दिसत." तिने पेपरची नीट घडी केली, शिवणाऱ्या बायका करतात तशी कोपऱ्याला कोपरा लावून, आणि माझ्या हातात दिली. "ठेव. तुझ्या नावाचं आहे."

घरी येऊन मी दुसरं चित्र काढायला बसले. जबडा भरला, डोळे बारीक केले, ओठांचा कोपरा खाली ओढला. तासाभरात कागदावर एक राक्षस तयार झाला, पण तो जनरल नव्हता. शाळेच्या नाटकातला खलनायक होता. तरीही मी तो पेपरच्या कचेरीत नेला. माझी विद्यार्थिनी बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "बाई, हे नाही तुमचं." तिने पहिलं मूळ चित्र पाकिटात घालून मला परत दिलं, त्यांचं काम झालं होतं. मी दोन्ही घेऊन घरी आले. राक्षस फाडला. पहिलं फाडवेना. ते चांगलं होतं ना!

महिन्याभराने एका रविवारी सकाळी दार वाजलं. आईने उघडलं. पन्नाशीची बाई, साधे कपडे, हातात कापडी पिशवी. आईला वाटलं शाळेतली कुणी असेल. तिला बसवलं, पाण्याचा पेला आणून पुढे धरला.

"मी दातांची डॉक्टर आहे," बाई म्हणाली. "पण इथे आले ती जनरलची मुलगी म्हणून."

आईने पुढे केलेला पेला मागे घेतला आणि आत नेऊन ठेवला. मग परत येऊन खुर्चीवर बसली.

डॉक्टरबाईंना राग आला नाही. दुखणार नाही, असं सांगायची सवय असलेला त्यांचा आवाज होता. म्हणाल्या, "बाबांना तुमचं चित्र फार आवडलंय. पेपरातलं कात्रण उशाशी ठेवतात. मूळ मिळालं तर चौकट करून देईन म्हणते. आजवर लोकांनी त्यांना एक तर देव केलं, नाही तर सैतान. तुम्ही माणूस म्हणून बघितलंत."

"चित्र देते," मी म्हटलं. "माझं एक काम करा. त्यांना विचारा, छापखान्यातले सात जण कुठे आहेत."

अखेर ते शब्द बाहेर पडले. भलत्याच माणसासमोर.

"त्यांना आता फारसं आठवत नाही हो."

"चित्र आवडलं ते आठवतं ना?"

मग आई बोलली. "जिवंत आहे का, हे मी विचारत नाही. मी खुळी नाही. कुठे पुरलं तेवढं विचारा."

आठवड्याने त्या पुन्हा आल्या. हातात चिठ्ठी होती. शहराबाहेरची बंद पडलेली वीटभट्टी, पाण्याच्या टाकीच्या मागची बाजू.

"त्यांनी सांगितलं?"

"हो."

"स्वतःच्या तोंडाने?"

"हो, म्हटलं ना."

मी चित्र दिलं. त्यांनी पिशवीतून दोन पुठ्ठे काढले, चित्र मधे ठेवून दोरी बांधली. तयारीने आल्या होत्या. आईने त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "तुमचे उपकार झाले." हे ऐकून त्या पायऱ्या भराभर उतरून गेल्या. मला वाटलं, भारावल्या.

परवानगी काढण्यात दीड महिना गेला. पालिकेच्या कचेरीत मी आणि मावशी शेजारी शेजारी बसायचो आणि शक्य तेवढं कमी बोलायचो. पण चिठ्ठी मी आणली होती, त्यामुळे ती मला चालवून घेत होती. शेवटी वीस दिवसांची परवानगी मिळाली. अट अशी, की खणलेली जमीन होती तशी करून द्यायची. हाडांची माहिती असलेले एक निवृत्त डॉक्टर फुकट यायला तयार झाले. दोन मजूर लावले. डॉक्टरांनी दोऱ्या बांधून चौकोन आखले आणि एकेक चौकोन कंबरेपर्यंत खणायचा असं ठरलं. आम्ही बायका माती चाळायचो.

विटांचे तुकडे निघाले. गंजलेले साचे निघाले. सहाव्या दिवशी हाड निघालं. मावशीने ते दोन्ही हातांत घेतलं, पदराने पुसलं आणि छातीशी धरून मातीतच बसली. डॉक्टर वाकून बघत होते, तिच्याकडून ते घ्यायला धजत नव्हते. मग म्हणाले, "मावशी, हे कुत्र्याचं आहे." मावशीने ते लगेच टाकलं नाही. थोडा वेळ तसंच धरून ठेवलं.

नवव्या दिवशी टाकीच्या मागचे सगळे चौकोन संपत आले. मी भट्टीच्या पडक्या भिंतीआड जाऊन डॉक्टरबाईंना फोन लावला. "टाकीपासून नक्की किती लांब, तेवढं पुन्हा विचाराल का?"

"मी विचारलंच नव्हतं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मला विचारवलं नाही हो त्यांना. दोनदा तोंडापर्यंत आलं होतं. मी लहान असताना आमची गाडी त्या भट्टीवरून जायची. मला त्या जागेची भीती वाटायची. दुसरी कुठली जागा सुचली नाही." मग घाईघाईने म्हणाल्या, "मला वाटलं, कुठली तरी एक जागा मिळाली की तुमच्या आईंना बरं वाटेल. तुम्ही खरंच खणायला जाल असं माझ्या मनातही आलं नाही."

मी फोन बंद केला. त्यांना शिव्या द्याव्यात असं वाटलं, पण त्यांनाही तोंडापर्यंत आलेलं विचारता आलं नव्हतं. त्या एका बाबतीत मी त्यांच्याच ओळीत बसत होते, आणि त्याचीच मला जास्त चीड आली.

परत येऊन मी सगळ्यांना सांगितलं. काही लपवलं नाही. मजुरांनी फावडी खाली ठेवली. डॉक्टर चष्मा पुसू लागले. मावशी खड्ड्याच्या काठावर बसून होती. मला वाटलं, ही आता उठून मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"ती खोटं बोलली," मावशी म्हणाली. "कळलं. पण इथे नाहीत, असंही तिला कुठे माहीत आहे?" तिने चाळण ओढून घेतली. "परवानगी वीस दिवसांची आहे ना? अकरा राहिले."

आम्ही नऊ दिवस आणखी खणलं. काही निघालं नाही. शेवटचे दोन दिवस खड्डे बुजवण्यात गेले. पायांनी माती दाबून आम्ही जमीन होती तशी करून दिली. पालिकेचा माणूस येऊन बघून गेला आणि समाधान झालं असं लिहून दिलं.

आईला मी खरं सांगितलं. या खेपेला मला खोटं बोलायचं नव्हतं. ती म्हणाली, "तिचे उपकार मानले मी." आणि तोंड भिंतीकडे करून निजली.

वार्षिक परीक्षा चालू असताना जनरल मेला. खटला अर्धा राहिला. पेपरच्या पहिल्या पानावर अंत्यदर्शनाचा फोटो होता. लांबच लांब रांग, फुलं, आणि फुलांच्या मधोमध सोनेरी चौकटीत माझं चित्र. सही स्पष्ट वाचता येत होती.

"घरीच गेला?" आईने विचारलं.

"घरीच."

"अंथरुणात?"

"हो. झोपेत."

आईने भिंग फोटोवर ठेवलं, चित्रावरून सहीवर आणलं आणि बराच वेळ तिथेच धरलं. मग पेपर माझ्याकडे सरकवून म्हणाली, "तुझं नाव आहे," आणि उठून गेली.

मी माझ्या विद्यार्थिनीला फोन केला. म्हटलं, त्या चित्राखाली एक ओळ छापा, की चित्र काढणारीच्या भावाला यानेच नेलं. ती संपादकांशी भांडली, मला माहीत आहे. संपादकांचं म्हणणं पडलं, की माणूस जाऊन एक दिवस झाला नाही, आत्ता बरं दिसत नाही. पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात जागा नव्हती.

गुरुवारी वाचनालयात तीनच घरं होती. मावशीला कुणीतरी नवी जागा सांगितली होती. जुन्या छावणीतलं धान्याचं कोठार, त्याची फरशी सात जणांना नेलं त्याच वर्षी बदलली होती म्हणे. अर्जाला जागेचा आराखडा जोडावा लागतो. मावशीने कोरा कागद माझ्यापुढे ठेवला.

"तू काढ," ती म्हणाली. "लांबी-रुंदी मी पावलांनी मोजून आणली आहे. बघ, नीट काढ."

मी पट्टी घेतली आणि काढू लागले.